ऱ्हायनोसेरॉस: एका शब्दाचं मूळ शोधायचं कसं

ऱ्हायनोसेरॉस हे गेंड्याचं इंग्रजी नाव, अर्थ नाकावर शिंग असलेला. ग्रीकमध्ये ‘ऱ्हिस्’ म्हणजे नाक, ‘केरस’ म्हणजे शिंग. बहुतेक जण इथेच थांबतात. मला याच्या पुढचं सांगायचं आहे.

मी मुद्रितशोधक. प्राण्यांवरची पुस्तकं, कोशांच्या नोंदी, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं हातांखालून जातात, आणि माझं ठाम मत आहे की कंसातली व्युत्पत्ती हा त्यांतला सगळ्यात आळसाने लिहिलेला भाग असतो. प्राण्याचं वजन, उंची, गर्भकाळ लेखक दोन-दोन ठिकाणी पडताळतो. शब्दाचं मूळ मात्र कुठून तरी ऐकलेलं ठोकून देतो. व्युत्पत्ती म्हणजे चमत्कृती, ती ऐकायला गोड असली की पुरे, असा समज असावा. कोणत्याही शब्दाचं मूळ तपासताना मी काय करते ते इथे या एकाच शब्दावर करून दाखवते.

फोडण्याआधी रूप नीट मिळवा

शब्द आज जसा ऐकू येतो तसा फोडायचा नाही. ‘ऱ्हायनो’ आणि ‘सेरॉस’ असे तुकडे करून ग्रीक कोशात ‘सेरॉस’ शोधलंत तर शिंग सापडायचं नाही. आधी शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप काढा. इथे ते ‘ऱ्हिनोकेरोस’ आहे.

आता पहिली शंका यायला हवी: नाकाला ‘ऱ्हिस्’ म्हणतात, तर मधला ‘न’ कुठला? मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे सामान्यरूप आहे. ‘पाणी’ला प्रत्यय लावताना ‘पाण्या’ होतं, तसं ग्रीक ‘ऱ्हिस्’चं षष्ठीत ‘ऱ्हिनोस’ होतं, आणि समास ‘ऱ्हिन्’ या अंगापासून बनतो. कोशात शब्द पाहाल तेव्हा प्रथमेचं रूप वाचून पान मिटू नका. शेजारी दिलेली षष्ठी वाचा. खरं मूळ तिथे असतं.

शब्दाच्या दुसऱ्या टोकालाही हेच. ‘ऱ्हिनोकेरोस’चं षष्ठीतलं रूप ‘ऱ्हिनोकेरोतोस’. हा दडलेला ‘त’ एरवी दिसत नाही, पण गेंड्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव ‘ऱ्हायनोसेरॉटिडी’ असं का, हे त्यावरून उलगडतं. आणि ‘ऱ्हायनोसेराय’ हे अनेकवचन चूक का, तेही. ‘आय’ हा शेवट ज्या लॅटिन नामांना लागतो त्या गटात हा शब्द बसतच नाही. लॅटिन अनेकवचन ‘ऱ्हिनोकेरोतेस’ आहे. इंग्रजीत सरळ ‘ऱ्हायनोसेरॉसेस’ म्हणावं, किंवा एकवचनाचंच रूप अनेकवचनाला वापरावं, दोन्ही चालतं. ‘ऱ्हायनोसेराय’ म्हणणारा माणूस विद्वत्ता दाखवायला जातो आणि नेमका तिथेच उघडा पडतो.

उच्चाराचे दोन बदल समजून घ्या, कारण ते शेकडो शब्दांना लागू आहेत. ग्रीकमध्ये शब्दारंभीचा ‘र’ महाप्राण, म्हणजे ‘ह’चा श्वास मिसळलेला, होता. रोमन लिपीत तो दाखवायला ‘र’च्या अक्षरापुढे ‘ह’चं अक्षर लिहिलं गेलं. इंग्रजीने ते अक्षर ठेवलं आणि उच्चार टाकून दिला. मराठीत मात्र ‘ऱ्हास’, ‘तऱ्हा’ यांतला ‘ऱ्ह’ आयता आहे, त्यामुळे ‘ऱ्हायनो’ लिहिणारे मराठी लोक नकळत इंग्रजांपेक्षा ग्रीकांच्या जवळ जातात. मुद्रितात कुणी त्याचा ‘रायनो’ केला तरी मी खोडत नाही. ऐकू तसंच येतं. पण ‘ऱ्हायनो’ दिसलं की बरं वाटतं.

दुसरा बदल ‘क’चा ‘स’. लॅटिनमध्ये तिथे स्वच्छ ‘क’ होता. पुढे ‘ए’ आणि ‘इ’ या स्वरांआधी तो मऊ होत गेला आणि इंग्रजीत ‘स’ झाला. म्हणून ‘केरस’ आपल्याला ‘सेरॉस’ या वेशात भेटतो.

मग भावंडं गोळा करा

एकट्या शब्दावरून मूळ सिद्ध होत नाही. तोच तुकडा, त्याच अर्थाने, दुसऱ्या शब्दांत दिसला पाहिजे. नाकाच्या बाजूने पुरावा भरपूर आहे: नाकाच्या आतल्या त्वचेची सूज म्हणजे ऱ्हायनायटिस, नाकाची शस्त्रक्रिया ऱ्हायनोप्लास्टी, सर्दीचा विषाणू ऱ्हायनोव्हायरस. शिंगाच्या बाजूने ट्रायसेराटॉप्स हा डायनोसॉर, म्हणजे तोंडावर तीन शिंगं असलेला. शिवाय केराटिन. हा शब्द १९व्या शतकात शास्त्रज्ञांनी थेट ग्रीकवरून घडवला, म्हणून त्यातला ‘क’ शाबूत राहिला. हिरे तोलायचं ‘कॅरेट’सुद्धा याच घरचं: ग्रीक ‘केरातिओन’ म्हणजे छोटं शिंग, आणि तेच नाव कॅरब या झाडाच्या शिंगासारख्या शेंगेला पडलं. त्या शेंगेच्या बिया वजनाला वापरत.

केराटिनपाशी थोडं थांबा, कारण इथे भाषेबरोबर प्राणीही तपासावा लागतो. गाईम्हशींच्या शिंगात आत हाड असतं आणि वर केराटिनचं कवच. गेंड्याच्या शिंगात हाडाचा गाभा नाही. ते सगळं केराटिनच, म्हणजे आपले केस आणि नखं ज्याची बनतात तेच द्रव्य. ज्याच्या नावात ‘केरस’ आहे त्याचं शिंग निव्वळ केराटिनचं निघावं हा योगायोग मला फार आवडतो. पण तो योगायोगच आहे. ‘शिंग केराटिनचं म्हणून प्राण्याला हे नाव’ असं कुणी लिहिलं तर खोडा. प्राण्याचं नाव केराटिनपेक्षा दोन हजार वर्षांनी जुनं आहे.

आता भावंडांच्या पलीकडे, चुलत नात्यात जाऊ. ‘केरस’ आणि आपलं ‘शिंग’ हे एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. शिंग आलं ‘शृंग’पासून, आणि संस्कृतमधला ‘श’ ठरावीक जागी ग्रीकमध्ये ‘क’ म्हणून भेटतो. ताडून पाहा: दश आणि ‘देका’, शत आणि ‘हेकातोन’, श्वन् म्हणजे कुत्रा आणि ‘क्युओन’. त्याच ओळीत शृंग, शिरस् आणि ‘केरस’ बसतात. लॅटिन ‘कोर्नू’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ही त्याच घरातले. दोन शब्द सारखे ऐकू येतात यावरून नातं ठरवू नका. फरक नियमाने पडतो का, हे पाहा. ‘शिंग’ आणि ‘केरस’ ऐकायला अजिबात सारखे नाहीत, तरी नातं पक्कं आहे.

नाकाचं मात्र तसं नाही. संस्कृत ‘नासा’, लॅटिन ‘नासुस’, इंग्रजी ‘नोज’ हे सगळे सगेसोयरे. ग्रीक ‘ऱ्हिस्’ त्या कुटुंबात नाही. म्हणजे अर्धा शब्द आपल्या नात्यातला, अर्धा परका.

तोतये बाजूला काढणं हेही याच टप्प्यावरचं काम. चमकदार खोट्या खड्यांना ‘ऱ्हाइनस्टोन’ म्हणतात. त्याचा गेंड्याशी किंवा नाकाशी संबंध नाही, तो ऱ्हाइन नदीवरून आला. इंग्रजी बोलीत १७व्या शतकात पैशाला ‘ऱ्हायनो’ म्हणत. गेंड्यासाठी ‘ऱ्हायनो’ हे आखूड नाव १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्यामुळे गेंड्याच्या टोपणनावावरून पैशाला नाव पडलं असं कुणी सांगितलं तर आधी मधल्या दोनशे वर्षांचा हिशेब मागा.

शब्द कुणी वाहून आणला?

व्युत्पत्ती लिहिणारे हा भाग हमखास गाळतात, आणि मला तोच सगळ्यात रसाळ वाटतो. शब्द आपोआप प्रवास करत नाही. कुणीतरी प्राणी आणतो, कुणीतरी पुस्तक उतरवतो, कुणीतरी चुकीचं भाषांतर करतो.

इ.स.पू. ३ऱ्या शतकात अलेक्झांड्रियात इजिप्तचा राजा दुसरा टॉलेमी याने काढलेल्या भव्य मिरवणुकीत इथिओपियाहून आणलेला गेंडा होता. इ.स.पू. ५५ मध्ये सेनापती पॉम्पीने रोममध्ये भरवलेल्या खेळांत लोकांनी गेंडा पाहिला. रोमनांनी ग्रीक नाव जसंच्या तसं उचललं, आणि १ल्या शतकातला कवी मार्शल तर रोममध्ये पोरासोरांनासुद्धा गेंड्याचं नाक आहे असं लिहून गेला. अर्थ असा की जो तो नाक मुरडायला बसलेला. आपण गेंड्याची कातडी म्हणतो ती निगरगट्टाला. एकाच प्राण्याचा रोमनांनी एक अवयव उचलला, आपण दुसरा.

त्यानंतर भाषांतरकारांनी घोळ घातला. हिब्रू बायबलात ‘रेएम’ नावाचा दांडगा प्राणी येतो. तो रानबैल असावा असं आज मानतात. ग्रीक भाषांतरात त्याचा ‘मोनोकेरोस’ झाला, म्हणजे एकशिंगी. लॅटिन भाषांतरात काही ठिकाणी तो ‘ऱ्हिनोकेरोस’ झाला, काही ठिकाणी ‘युनिकॉर्निस’. १६११ च्या इंग्रजी बायबलात तो युनिकॉर्न म्हणूनच छापला गेला. काल्पनिक एकशिंगी घोडा आणि खराखुरा गेंडा यांची ही सरमिसळ इतकी मुरली की सुमात्रात गेंडे पाहून मार्को पोलोने हेच युनिकॉर्न असं समजून घेतलं, आणि ते युरोपातल्या वर्णनांसारखे मुळीच नाजूक नाहीत अशी तक्रारही केली.

१५१५ सालची हकीकत तर प्रत्येक शब्दवेड्याने पाठ करावी. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्याकडे रवाना केला आणि मे महिन्यात तो लिस्बनला उतरला. पोर्तुगीज कागदांत त्याचं नाव ‘गंडा’ आहे, म्हणजे जिथून निघाला तिथलंच. पण युरोपातल्या पंडितांना रोमन लेखक प्लिनीचा जुना ग्रंथ आठवला, त्यातला ‘ऱ्हिनोकेरोस’ हाच हे त्यांनी ठरवलं. हत्ती आणि गेंडा जन्माचे वैरी असं प्लिनी लिहून गेला होता, तेव्हा दोघांची झुंजही लावून पाहिली, हत्ती पळाला. त्याच वर्षी जर्मन चित्रकार ड्यूररने प्राणी न पाहता, केवळ वर्णन आणि रेखाटनावरून, आपलं लाकडी ठशाचं चित्र छापलं आणि माथ्यावर ‘ऱ्हिनोकेरुस’ अशी अक्षरं घातली. त्या चित्राच्या प्रती युरोपभर पसरल्या आणि गुजरातहून निघालेला ‘गंडा’ तिथल्या वाचकांच्या मनातून पुसला गेला. छापलेला शब्द ऐकलेल्या शब्दाला हरवतो. पुढे पोर्तुगीज काही काळ ‘अबादा’ असंही म्हणत, ते मलय ‘बादाक’वरून. तेही टिकलं नाही.

शेजारच्या भाषा चाळा

जर्मन ‘नाझहॉर्न’, डच ‘न्युसहोर्न’, रशियन ‘नोसोरोग’, हंगेरियन ‘ओर्रसार्वू’, हिब्रू ‘कर्नाफ’ या सगळ्यांत तेच दोन तुकडे आहेत: नाक आणि शिंग. शब्द उसना न घेता त्याची रचना उसनी घेतली. आता दुसरा गठ्ठा पाहा: मलय ‘बादाक’, चिनी ‘शी’, स्वाहिली ‘किफारू’, त्स्वाना ‘त्शुकुडू’, आणि आपला गेंडा. हे शब्द फोडून नाक किंवा शिंग निघत नाही.

यावरून मी एक आडाखा बांधला आहे. ज्यांच्या रानात प्राणी हिंडत होता त्यांचं नाव अपारदर्शक असतं; ज्यांनी तो लांबून ऐकला किंवा पिंजऱ्यात पाहिला त्यांचं नाव वर्णन करणारं असतं. अपवाद निघतील, पण आडाखा कामाचा आहे. ग्रीक नाव स्वतःच वर्णनपर आहे, यावरून हा प्राणी ग्रीकांना पाहुणाच होता हे कळतं.

घरचा शब्द सगळ्यात अवघड

‘गेंडा’ कुठून आला? बहुतेक नोंदी ‘संस्कृत गण्डक’ एवढं लिहून मोकळ्या होतात. गण्ड म्हणजे गाल, गळू, उंचवटा. गेंड्याच्या अंगावर गाठी दिसतात, तेव्हा जुळलं. मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. दण्डचा दांडा होतो, म्हणजे ‘ण्ड’आधीचा अ लांबून आ होतो. गण्डमधून ए कसा निघेल? हिंदी-पंजाबी ‘गैंडा’, गुजराती ‘गेंडो’ यांतही ऐ किंवा ए आहे. उलट बंगाली ‘गण्डार’मध्ये अ. म्हणजे लोकभाषांत शब्दाची निदान दोन रूपं पूर्वीपासून फिरत होती. प्राण्याच्या अर्थाचा ‘गण्ड’ मुळात आर्येतर भाषेतून संस्कृतात शिरला असावा, असा भाषाशास्त्रज्ञांचा कल आहे. टर्नरच्या हिंद-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात ही सगळी रूपं एका नोंदीत शेजारी शेजारी मांडलेली सापडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नर आता संगणकावर फुकट चाळता येतात, त्यामुळे ‘ग्रंथ मिळाला नाही’ ही सबब मी ऐकून घेत नाही.

संस्कृतातलं दुसरं नाव ‘खड्ग’. अमरकोशात ‘गण्डके खड्गखड्गिनौ’ अशी नोंद आहे. खड्ग म्हणजे तलवारही, म्हणून शिंग तलवारीसारखं असल्याने प्राण्याला हे नाव पडलं अशी गोष्ट सर्रास सांगतात. इथे तारखा तपासा. प्राण्याच्या अर्थाने ‘खड्ग’ यजुर्वेदाच्या संहितांत येतो. तलवारीच्या अर्थाने तो महाभारतकाळापासून दिसतो. जो अर्थ नंतर नोंदला गेला त्याच्यावरून आधीचा अर्थ काढायचा तर पुरावा जास्त भक्कम लागतो. ते मुळात दोन वेगळे शब्दही असू शकतात. पालीत ‘खग्गविसाण’ येतो, ‘एको चरे खग्गविसाणकप्पो’ या प्रसिद्ध पालुपदात; तिथेही ‘गेंड्यासारखा एकटा फिर’ की ‘गेंड्याच्या शिंगासारखा एकटा’, यावर अभ्यासकांत वाद आहे. नोंदीत अशा वेळी दोन्ही अर्थ द्यावेत. एक निवडून ठामपणा आणू नये.

गोड गोष्टीची परीक्षा

पांढऱ्या गेंड्याचं उदाहरण मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते मला मुद्रितांत सर्वाधिक भेटतं. गोष्ट अशी: डच भाषेत रुंदला ‘वैड’ म्हणतात, रुंद ओठांमुळे डच वसाहतवाले त्याला तसं म्हणत, इंग्रजांनी ते ‘व्हाइट’ ऐकलं. गोष्ट सुबक आहे. पांढरा आणि काळा हे दोन्ही गेंडे प्रत्यक्षात करडे असतात, त्यामुळे ती हवीहवीशीही वाटते. फक्त त्या काळच्या डच लिखाणात या प्राण्यासाठी ‘रुंद’ असा शब्द सापडत नाही. एवढ्यावर ती गोष्ट पडते. ज्या रूपाचा अपभ्रंश झाला असं सांगतात ते रूप त्या काळच्या कागदावर दाखवा, हा माझा ठरलेला शेरा. मुद्रिताच्या समासात तो लिहिला की बरेचदा लेखक वाक्यच काढून टाकतो.

शास्त्रीय नावांत इतकी खटपट नाही, ती देणाऱ्याने विचार करून दिलेली असतात. भारतीय गेंडा ‘ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस’, प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचं १७५८ चं नाव: पहिला शब्द ग्रीकचा, दुसरा लॅटिनचा, अर्थ ‘नाकावर शिंग असलेला एकशिंगी’. काळा गेंडा ‘डायसेरॉस बायकॉर्निस’. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘दोन शिंगांचा’, आधी ग्रीकमध्ये, मग लॅटिनमध्ये. पांढऱ्याच्या नावातला ‘सिमम’ म्हणजे चपट्या नाकाचा. नारळाच्या झाडाला छळणारा गेंडा भुंगा ‘ओरिक्टेस ऱ्हायनोसेरॉस’.

नोंद लिहिताना

आधी अर्थ, मग सर्वांत जुनं रूप, मग तुकडे त्यांच्या अंगरूपांसह, मग वाट: ग्रीक, लॅटिन, १४व्या शतकाच्या सुमारास इंग्रजी. जिथे वाद आहे तिथे ‘असावा’ लिहा, आणि ‘असावा’ लिहायला लाजू नका. लोकप्रिय पण न टिकणारी गोष्ट द्यायचीच असेल तर ती न टिकणारी आहे हे त्याच वाक्यात सांगा, पुढच्या नव्हे. वाचक पुढचं वाक्य वाचतोच असं नाही.

सरावाला हिप्पोपोटॅमस घेऊ नका, तो फार सरळ आहे, नदीतला घोडा. ‘मंगूस’ घ्या. इंग्रजीने तो बहुधा आपल्याच ‘मुंगूस’वरून घेतला, तेव्हा तिथे ग्रीक कोश उघडून उपयोग नाही, मोल्सवर्थ उघडा. मग तेलुगू ‘मुंगिस’ आणि कन्नड ‘मुंगिसि’ पाहा, आणि मराठीने तो स्वतः कुणाकडून घेतला असेल याचा विचार करा. अनेकवचन ‘मंगूसेस’. ‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून ‘मंगीस’ लिहिलंत तर मी खोडणार.